बाळाच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव चुकलं, अपोस्टिलसाठी पाठवलेली प्रतही परत आली. मॅसॅच्युसेट्समध्ये कुणी हे निस्तरलंय का?

परतीची_वाट

मंडळी, नमस्कार. अडचणीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. जन्म मॅसॅच्युसेट्समधला. हॉस्पिटल एका शहरात आणि आम्ही राहतो तिथून अर्ध्या तासावरच्या गावात. पाच आठवड्यांनी आम्ही कायमचे नाशिकला परत जातोय. मुलीच्या जन्मदाखल्याची अपोस्टिल केलेली, म्हणजे दाखल्यावरची सही खरी असल्याचं राज्याचं पान जोडलेली, प्रत सोबत आणा, असं तिकडून सांगितलं आहे.

जन्मानंतर महिनाभराने मी आमच्या गावच्या टाउन क्लार्कच्या, म्हणजे गावच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसातून चार प्रमाणित प्रती घेतल्या होत्या. शिक्का होता, सही होती, म्हणून फाइलला लावून टाकल्या. त्यातली एक गेल्या महिन्यात टपालाने बॉस्टनला अपोस्टिलसाठी पाठवली. ती परत आली. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलंय की दाखल्यावरची सही छापील आहे, हाताने केलेली हवी.

परत आलेला कागद हातात घेऊन बसलो तेव्हा बायकोचं लक्ष गेलं. "आईचं जन्मावेळचं आडनाव" या रकान्यात तिचं माहेरचं आडनाव असायला हवं, तिथे माझं आडनाव आहे. म्हणजे दोन्हीकडे सासरचंच. सात महिने हा कागद घरात होता आणि आम्ही दोघांनीही तो नीट वाचला नव्हता. हॉस्पिटलातला फॉर्म तिने सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी भरला. तिथल्या बाई बाजूला उभं राहून विचारत होत्या, ही उत्तरं देत होती. "लास्ट नेम" विचारलं, हिने पासपोर्टवरचं सांगितलं. खाली सही तिचीच आहे.

मुलीचा अमेरिकन पासपोर्ट आलाय, त्यावर आईवडिलांची नावं छापतच नाहीत, म्हणून तिथे काही अडलं नाही. पण भारतात पुढे प्रत्येक ठिकाणी आईच्या कागदांशी हा दाखला ताडून बघतील. बायकोच्या मनाला हे फार लागलंय. ती म्हणते, माझ्या वडिलांचं नाव माझ्या मुलीच्या कागदावर कुठेच नाही.

आधी नवी प्रत काढून अपोस्टिल करू की आधी दुरुस्ती? दुरुस्ती कुठे होते, आमच्या गावात, हॉस्पिटलात की बॉस्टनला? पाच आठवडे पुरतील का?

अबोली_२

आम्ही डॉर्चेस्टरला माउंट व्हर्नन स्ट्रीटवर राज्याचं जे नोंदणी कार्यालय आहे, तिथे स्वतः जाऊन प्रत घेतली होती. प्रत्यक्ष गेलं तर २० डॉलर, टपालाने जास्त. तीच अपोस्टिलला चालली. तुम्ही सरळ तिथे जा, चूकही तिथेच सांगा, करून देतील.

खिडकीपलीकडची

अबोलीताई, प्रत तिथे मिळते हे बरोबर, पण चुकीची नोंद असलेलीच प्रत मिळेल. परतीची वाट, घाईने अजून एक प्रत काढू नका. दोन मिनिटं वाचा.

मी याच राज्यात एका टाउन क्लार्कच्या ऑफिसात अकरा वर्षं काम केलं. काउंटरच्या आत बसायचे. तुमच्यासारखी माणसं दर महिन्याला यायची, आपली मराठी, तेलुगू, गुजराती, आणि ब्राझीलचीही पुष्कळ. आडनावांची रीत वेगळी असली की हा रकाना चुकतो. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पासपोर्टही नव्या नावाचा होतो, आणि "लास्ट नेम" विचारल्यावर कुठलीही बाई आत्ताचंच सांगणार. तुमच्या बायकोची यात काहीच चूक नाही, हे तिला सांगा. दुसऱ्या दिवशी, टाके ओले असताना, परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला तिने खरं उत्तर दिलंय.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या फाइलमधले चार कागद म्हणजे जन्माची नोंद नव्हे. नोंद क्लार्ककडे आहे. कागद ही त्या नोंदीची त्या दिवशीची नक्कल. नोंद दुरुस्त झाल्याशिवाय कितीही प्रती काढा, कितीही शिक्के मारा, तीच चूक पुन्हा छापून येईल. आणि अपोस्टिल म्हणजे मजकूर बरोबर असल्याचा दाखला नाही. खाली ज्याची सही आहे तो खरोखर त्या पदावर आहे आणि सही त्याचीच आहे, एवढंच राज्य त्यातून सांगतं. म्हणून चुकीच्या दाखल्यावरही अपोस्टिल होईल, ६ डॉलर जातील, आणि नाशिकला गेल्यावर तुम्ही अडकाल. आधी दुरुस्ती, मग नव्या प्रती, मग अपोस्टिल. हा क्रम मोडू नका.

दुरुस्ती हॉस्पिटलात होत नाही. फॉर्म त्यांनी पाठवला की त्यांच्या हातातून गेला. ज्या शहरात जन्म झाला, म्हणजे हॉस्पिटल ज्या शहराच्या हद्दीत आहे, त्या शहराच्या सिटी क्लार्ककडे जायचं. या राज्यात जन्माची नोंद दोन ठिकाणी राहते, जन्म झाला ते शहर आणि तेव्हा आईवडील राहत होते ते गाव. म्हणूनच तुम्हाला तुमच्या गावात प्रती मिळाल्या. पण दुरुस्ती जन्माच्या शहरात होते आणि तिथून ती तुमच्या गावाला आणि राज्याला कळवली जाते. तुमच्या टाउन क्लार्कपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे नव्या प्रती जन्माच्या शहरातूनच घ्या, गावात परत जाऊ नका. हे मी मुद्दाम सांगते. दुरुस्ती एका ठिकाणी करून दुसऱ्या ठिकाणी जुनीच प्रत घेऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

जाण्याआधी फोन करा, आणि जन्मदाखल्यात दुरुस्ती करायची आहे असंच म्हणा, नवी प्रत हवी असं नको. दुरुस्तीचं काम ऑफिसात बहुधा एकदोन जणांनाच येतं आणि ती व्यक्ती त्या दिवशी आहे का हे विचारणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे मी आणि अजून एक बाई, दोघीच करायचो. ती सुट्टीवर आणि मी जेवायला गेले असले की खिडकीवरची मुलगी लोकांना उद्या या म्हणायची, आणि लोक दीड तास गाडी चालवून आलेले असायचे. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

बायकोचं माहेरचं नाव सिद्ध करणारा कागद लागेल. तिचा स्वतःचा जन्मदाखला असेल तर उत्तम. लग्नाच्या नोंदणीचा दाखला असेल तर त्याहून बरं, कारण त्यात लग्नाआधीचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच कागदावर असतं, म्हणजे दोन नावांची बाई एकच आहे हे त्यांना दिसतं. दोघांचे पासपोर्ट. आणि तुम्ही दोघांनी जा. मूल तुमचं दोघांचं आहे, दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्रावर कुणाकुणाची सही लागेल ते तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा दोघं समोर असलेले बरे. शुल्क प्रत्येक शहराचं वेगळं असतं, फोनवर तेही विचारा, आणि कार्ड चालतं का तेही. बऱ्याच ठिकाणी आजही चेक किंवा मनीऑर्डरच घेतात.

प्रत मागताना पहिलं वाक्य हे असू द्या: "ही परदेशात वापरायची आहे, अपोस्टिल करायची आहे, क्लार्कची किंवा असिस्टंट क्लार्कची पेनाने केलेली सही हवी." शाळेला, पासपोर्टला वगैरे प्रत हवी असली की आम्ही सहीचा ठसा असलेल्या कागदावर काढून, उठावाचा शिक्का दाबून देत असू. दिवसाला तीसचाळीस प्रती निघतात, कोण कशासाठी नेतंय ते आम्हाला कळत नाही. सांगितलं की आम्ही थांबून हाताने सही करायचो. तुमच्या टाउन क्लार्कनेही तुम्हाला खोटी किंवा अर्धवट प्रत दिलेली नाही. तुम्ही कशासाठी ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

हडसनकाठ

न्यू यॉर्क शहरात राहणारं कुणी हे वाचत असेल तर थांबा, आमच्याकडचा रस्ता वेगळा आहे. इथे सिटी क्लार्ककडे लग्नाच्या नोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदी शहराच्या आरोग्य विभागाकडे. लग्नाचा दाखला परदेशासाठी हवा असेल तर लांब नमुन्याचा, म्हणजे "एक्स्टेंडेड" मागायचा. तो घेऊन ६० सेंटर स्ट्रीटला काउंटी क्लार्ककडे, तिथे सही खरी असल्याचा कागद जोडून घ्यायचा, ३ डॉलर. मग न्यू यॉर्क राज्याच्या "डिपार्टमेंट ऑफ स्टेट" खात्याकडे अपोस्टिल, १० डॉलर. जन्मदाखला असेल तर आरोग्य विभागाकडून दाखल्यासोबत एक वेगळं पत्रही मागावं लागतं, लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन म्हणतात. मी ते न मागताच काउंटी क्लार्ककडे गेलो होतो आणि परत पाठवलं.

परतीची_वाट

खिडकीपलीकडची, ताई, तुमचे किती आभार मानू. बायकोला तुमचा तिच्याबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला. तिला रडू आलं, पण बरं वाटलं.

एक अडचण अजून आहे. आमच्या लग्नाचा दाखला नगरपालिकेचा आहे आणि पूर्ण मराठीत आहे. तिचा जन्मदाखला तिच्या आईकडे, तोही मराठीत. भाषांतर मी स्वतः करून नेलं तर चालेल का? आणि कौन्सुलेटचा शिक्का लागेल का या सगळ्यावर?

खिडकीपलीकडची

स्वतःचं स्वतः करू नका. तुम्ही अर्जदार आहात, तुमच्याच कागदाचं भाषांतर तुम्हीच केलेलं क्लार्कला पटत नाही. दोन्ही भाषा येणारी, घरची नसलेली व्यक्ती हवी. तिने पूर्ण कागदाचं भाषांतर करायचं, शिक्क्यातला मजकूर आणि समासातली नोंद धरून, आणि खाली लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे. त्या सहीवर नोटरी करून घ्या. काही ऑफिसं व्यावसायिक भाषांतरकारच मागतात, म्हणून फोनवर हाही प्रश्न घाला.

भाषांतरात इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टमधलंच वापरा. आडनावाचा उच्चार सारखा असला तरी एका कागदावर एक "ए" आणि दुसऱ्यावर दोन "ए" असले की तिथेही पुन्हा प्रश्न उभा राहतो. बायकोचं माहेरचं आडनाव तिच्या दहावीच्या किंवा पदवीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत छापलेलं असेल, तेही सोबत न्या. आमच्याकडे एका बाईंचं काम शेवटी त्याच कागदावर झालं.

कौन्सुलेटचा शिक्का नको. २००५ पासून भारत अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे राज्याचं अपोस्टिल झालं की तो कागद तिकडे पुढच्या शिक्क्याशिवाय चालायला हवा.

निवृत्त_बाबा

विषय जरा वेगळा आहे, पण याच खिडकीचा आहे म्हणून लिहितो.

माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी इथेच गेली. फ्युनरल होमच्या माणसाने विचारलं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती हव्यात. मी म्हटलं दोन. मला त्या वेळी काही सुचत नव्हतं. पुढे पुण्यातली बँक, तिच्या नावावरचा फ्लॅट, विमा, इथलं पेन्शन, गाडीची मालकी, प्रत्येकाने मूळ प्रत मागितली आणि काहींनी परतही केली नाही. मी क्लार्क ऑफिसात चार वेळा गेलो. चौथ्या वेळी तिथल्या बाई म्हणाल्या, बसा, आपण एकदा यादी करू. त्यांनी माझ्यासोबत बसून कुठे कुठे लागेल ते लिहून काढलं आणि आठ प्रती दिल्या, त्यातल्या तीन हाताने सही केलेल्या, भारतासाठी. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर मला तिथे जायची भीती वाटली नाही.

परतीची वाट, तुम्ही कायमचे चालला आहात. प्रती जास्त घ्या. भारतातून टपालाने मागवणं फार जड जातं.

खिडकीपलीकडची

बाबा, नमस्कार करते.

प्रतींबद्दल त्यांनी लिहिलंय ते अगदी खरं. परतीची वाट, सहा प्रती घ्या, निदान दोन अपोस्टिल करा. आणि एक विनंती, अपोस्टिल झालेल्या कागदाला लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे दाखला हातात आला की पहिलं काम तेच होतं, आणि मग उठावाचा शिक्का बोटाला लागत नाही, कागद खरा आहे की नाही ते तपासता येत नाही. अपोस्टिलचं पान दाखल्याला जोडून देतात, ती पिन स्कॅन करायलासुद्धा काढू नका. पान दुमडून स्कॅन करा. पिन काढलेली दिसली की कागद बदललाय असा संशय येतो.

जुई_ब

ताई, तुम्ही आहातच तर विचारते. बहिणीचं लग्न इथेच करायचं चाललंय, ती आणि होणारे मेहुणे दोघंही बॉस्टनजवळ राहतात. गुरुजींनी विधी केला की झालं ना? की क्लार्ककडे आधी जायचं?

खिडकीपलीकडची

आधीच जायचं, जुई. दोघांनी एकत्र क्लार्ककडे जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा. राज्यातल्या कुठल्याही गावात नोंदवला तरी लग्न राज्यात कुठेही करता येतं. मधे तीन दिवस थांबावं लागतं, अर्ज केला तो दिवस त्यात धरत नाहीत. मग परवाना हाती येतो आणि तो इरादा नोंदवल्यापासून ६० दिवस चालतो. फार आधी काढलात तर मुहूर्तापर्यंत संपतो, हे लक्षात ठेवा. रक्ततपासणी नाही, साक्षीदारही या राज्यात लागत नाहीत. लग्नानंतर कुठलं नाव वापरणार ते त्याच फॉर्मवर लिहायचं असतं, त्यामुळे बहिणीने घरून ठरवून जावं. वर जे वाचलंत ते तिलाही वाचायला द्या.

गुरुजींना या राज्यात लग्न लावायचा अधिकार आहे ना, ते त्यांनाच स्पष्ट विचारा. बाहेरच्या राज्यातून येणार असतील तर राज्याकडून आधी परवानगी लागते. आणि विधी झाल्यावर परवाना भरून, सही करून, ज्या क्लार्ककडून काढला त्याच्याकडे परत पाठवणं गुरुजींचं काम आहे. ते राहिलं तर लग्नाची नोंदच होत नाही. पंगतीच्या गडबडीत तो लिफाफा कुणाच्या तरी गाडीत राहतो. घरातल्या एका माणसावर ती जबाबदारी टाका.

परतीची_वाट

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं झालं.

फोन केला. दुरुस्तीचं काम बघणाऱ्या बाई मंगळवार आणि गुरुवारीच असतात असं कळलं. भाषांतर माझ्या मित्राच्या आईने केलं. त्या इथे लायब्ररीत काम करतात, मराठीच्या शिक्षिका होत्या. शिक्क्यातलं "नगरपरिषद" सुद्धा त्यांनी सोडलं नाही. बँकेत नोटरी फुकट झाली.

मंगळवारी दोघं मुलीला घेऊन गेलो. बाईंनी लग्नाचा दाखला आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून बोटाने ओळ न् ओळ ताडून पाहिली. एके ठिकाणी थांबल्या. भाषांतरात बायकोच्या वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलं होतं आणि त्यांना ते पुरुषाचं नाव आहे का असा प्रश्न पडला. बायकोने समजावून सांगितलं की आमच्याकडे मुलीच्या नावात वडिलांचं नाव असतं आणि लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं. बाईंनी पेन खाली ठेवून पूर्ण ऐकून घेतलं. पदवीचं प्रमाणपत्रही पाहिलं. मग प्रतिज्ञापत्र छापलं, आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सही केली.

पुढच्या गुरुवारी प्रती मिळाल्या. सहा. प्रत्येकीवर पेनाने सही. यावेळी तिथेच उभं राहून बायकोने प्रत्येक प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. मागे रांग होती, कुणी काही म्हणालं नाही.

तिथून थेट बॉस्टनला, राज्याच्या अपोस्टिलच्या ऑफिसात, वन ॲशबर्टन प्लेस, सतरावा मजला. दोन प्रती, १२ डॉलर. थांबलो आणि घेऊनच निघालो. टपालाने पाठवायची यावेळी हिंमत झाली नाही. जुन्या चार प्रती उरल्या होत्या, त्या घरी आल्यावर फाडल्या, चुकून कुणाच्या हातात जायला नकोत.

रात्री बायकोने तिच्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेऱ्यासमोर तो रकाना धरला. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना. ते चष्मा आणायला उठले, आणि तोवर मुलगी कागदाकडे झेपावली म्हणून मी तो उंच धरून उभा होतो.